‘फिअर’ आणि ‘फिअर २’: सहा महिने आणि यूपीएसची निकामी बॅटरी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकच्या सातपूरला सलग चौथ्या दिवशी पाऊस कोसळत होता. ‘फिअर २’ या संगणकावरच्या भयगेममधील ‘वेड’ नावाच्या प्राथमिक शाळेच्या अंधाऱ्या मार्गिकेत मी टॉर्च लावून उभा असतानाच लाईट गेली. यूपीएसच्या बॅटरीने दिवाळीपासूनच मान टाकलेली असल्यामुळे संगणकही त्याच क्षणी बंद पडला. लाईट आल्यावर पाहतो तर गेम मला बराच मागे, जिथे त्याने स्वतःच्या मर्जीने शेवटची नोंद केली होती तिथे, घेऊन गेला होता. हा अनुभव लिहायला बसण्याचे कारण तो संताप आहे, हे आधीच मान्य करतो.

मोनोलिथ या गेम बनवणाऱ्या कंपनीचा मूळ ‘फिअर’ २००५ सालचा. कॉलेजात असताना तो पंचवटीत एका मित्राच्या घरी खेळलो होतो. त्याचे आजोबा शेजारच्या खोलीत झोपत, म्हणून आवाज बंद ठेवावा लागे आणि त्यामुळे निम्मी भीती आमच्या वाट्याला आलीच नाही. या जानेवारीत मूळ गेम आणि २००९ चा दुसरा भाग असे दोन्ही सवलतीत घेतले. घरातल्या चौघांच्या मिसळीला यापेक्षा जास्त पैसे लागतात, त्यामुळे पैसे वाया गेले अशी तक्रार मी करणार नाही.

माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. मूळ गेममध्ये कुठेही, कधीही एक कळ दाबून खेळ सेव्ह करता येत असे. दुसऱ्या भागात ती सोय काढून टाकली आणि फक्त ठरावीक टप्प्यांवर गेम स्वतः सेव्ह होऊ लागला. ज्यांच्या घरी लाईट जात नाही, त्यांना ही बाब क्षुल्लक वाटेल. नाशिकच्या पावसाळ्यात मात्र रात्री अकरानंतर खेळायला बसणाऱ्या नोकरदार माणसाला अर्ध्या तासाची मेहनत पुन्हा करायला लावणे हा मला निव्वळ उद्धटपणा वाटतो. चित्रांचा दर्जा, नवी शस्त्रे, कवचधारी यंत्रात बसून गोळीबार करण्याची संधी, हे सगळे त्यापुढे मला बरेच दिवस दिसलेच नाही.

त्याच रागात भिंतीआडून झुकून डोकावण्याची सोय गेल्याचेही दुःख झाले. मूळ गेममधील रेप्लिका, म्हणजे शत्रूपक्षाच्या क्लोन सैनिकांशी लढताना ती सोय म्हणजे जीव होती. गेमचे प्रोग्रामर जेफ ऑर्किन यांनी त्या सैनिकांसाठी रचलेल्या पद्धतीत प्रत्येक सैनिक समोरची परिस्थिती पाहून स्वतःच्या कृतींचा क्रम आखतो. शिवाय ते एकमेकांना ओरडून सांगत असल्यामुळे सगळे मिळून आपल्याला घेरत आहेत, असा भास होतो. एका कार्यालयात टेबलांच्या रांगेआड लपून डोकावत असताना मागच्या दाराने आलेल्या सैनिकाने मला टिपले, तेव्हा चिडण्याऐवजी मी त्याला दाद दिली.

मेमध्ये मात्र माझे मत हलले. मूळ गेम पुन्हा खेळताना लक्षात आले की प्रत्येक वळणाआधी मी ती कळ दाबत होतो आणि प्रत्येक चकमकीनंतर पुन्हा. शिडीवरून उतरण्यासाठी वळल्यावर वर अल्मा, म्हणजे गेममधली भुतासारखी मुलगी, उभी दिसते, त्या प्रसंगाआधीसुद्धा मी सेव्ह करून ठेवले होते. जवळ दहा औषधपेट्या आणि हाताशी ती कळ असताना माणूस घाबरणार तरी कशाला? दुसऱ्या भागात तीनच पेट्या बाळगता येतात आणि मागे फिरायला जागा नसते, म्हणून त्या शाळेत माझा हात माऊसवर खरोखर घामेजला होता. मूळ गेममध्ये त्याच त्या कार्यालयांच्या मार्गिका आणि गोदामे तासन्‌तास येत राहतात, हेही आठवणींनी माझ्यापासून लपवले होते. दुसरा भाग पहिल्याच्या शेवटाआधी सुमारे अर्धा तास सुरू होतो आणि मग रुग्णालय, शाळा, उद्ध्वस्त शहराचे रस्ते अशी ठिकाणे बदलत जातो. तरीही वेळ मंद करण्याची खेळाडूची शक्ती वापरल्यावर शत्रू उजळून दिसतात, हे मला पटलेले नाही; ज्यांनी आपल्याला घेरायला हवे तेच दिव्यांच्या माळेसारखे चमकू लागले की लढाई सोपी होऊन बसते.

मूळ गेम आजच्या संगणकावर खेळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: काही यूएसबी साधने जोडलेली असतील, तर तो अकारण अडखळतो. माझ्याकडे तो असाच रडतरखडत चालत होता आणि दोन रविवार मी विनाकारण ग्राफिक्स कार्डला दोष देत बसलो.

यूपीएसच्या नव्या बॅटरीची चौकशी करून आलो आहे. दुकानदाराने सांगितलेल्या रकमेत असे दोन गेम सहज आले असते, म्हणून सध्या आकाश मोकळे असेल त्या रात्रीच ‘फिअर २’ सुरू करतो. शाळेचा भाग अजून पार झालेला नाही.