१९५०च्या सात नाण्यांचा संच: काही महिन्यांनंतरचा अनुभव

प्रजासत्ताक भारताची स्वतःची नाणी १५ ऑगस्ट १९५० रोजी चलनात आली. पैसा, अर्धा आणा, एक आणा, दोन आणे (चवली), पाव रुपया (पावली), अर्धा रुपया (अधेली) आणि रुपया अशी ही सात नाणी. त्या सातही नाण्यांवर १९५० हेच साल असलेला संच मी गेल्या काही महिन्यांत पुण्यात जमवला आणि एका पावसाळ्यातून सांभाळला. एकाच सालाचा संच करावा की नाही, या विचारात असलेल्यांसाठी हे लिहीत आहे. सात नाणी मिळणे फारसे कठीण नाही. ती एकमेकांशेजारी शोभतील अशी मिळणे मात्र चिकाटीची परीक्षा पाहते.

हे साल निवडण्याचे कारण त्या नाण्यांवरच दिसते. राजाच्या मुखवट्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, आधीच्या निकेलच्या रुपयावरील वाघ जाऊन धान्याची कणसे आली, आण्यांवर बैल आणि पैशावर घोडा आला. हिशेब मात्र जुनाच राहिला: १६ आण्यांचा किंवा ६४ पैशांचा रुपया. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया झाल्यावर ही पद्धत मागे पडली. चौकोनी अर्धा आणा, नागमोडी कडेचा एक आणा आणि पुन्हा चौकोनी चवली असे ओळीने मांडले की घाईत, नुसत्या स्पर्शाने नाणे ओळखता यावे म्हणून केलेली योजना लगेच ध्यानात येते.

मंगळवार पेठेतील जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. माझी बरीचशी शोधाशोध तेथेच झाली. ढिगातून चवल्या आणि पावल्या सहज निघतात, पण साल वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. चवली १९५४ आणि १९५५ सालचीही मिळते, पावली आणि अधेली १९५१ पासून पुढच्या अनेक सालांच्या सापडतात, तर रुपया या मालिकेत केवळ १९५० आणि १९५४ या दोनच सालांचा आहे. झिजलेल्या नाण्यावर शेवटचा आकडा फसवतो. नाणे तिरपे धरून एका बाजूने उजेड पाडला आणि भिंगातून पाहिले, तर पुसट शून्याची गोलाई कळते.

आता दर्जाविषयी, कारण माझा सर्वाधिक वेळ यातच गेला. रुपया आणि अधेली निकेलची असल्याने अनेकदा चांगल्या अवस्थेत मिळतात. ब्राँझचा पैसा मात्र काळवंडलेला, घोड्याचे पाय पुसलेले असा समोर येतो. लखलखीत रुपयाशेजारी असा पैसा ठेवला की संपूर्ण संच विस्कटलेला वाटतो. म्हणून मी आधी पैसा आणि अर्धा आणा निश्चित केले आणि त्यांच्या झिजेला जुळतील अशी मोठी नाणी नंतर निवडली. चवलीवर बैलाचे वशिंड आणि रुपयावर कणसातील दाणे पाहावेत. मी हाताळलेल्या नाण्यांत ते भाग आधी सपाट झालेले होते. क्रम असा उलटा लावल्यामुळे खर्चही आटोक्यात राहिला, कारण सर्वांत कोरा रुपया घेण्याची गरजच उरली नाही.

ऑनलाइन मागवलेला एक रुपया छायाचित्रात सुरेख होता. हाती आल्यावर सिंहांच्या आयाळीवर बारीक समांतर ओरखडे दिसले, म्हणजे तो घासून चकचकीत केलेला होता. तो मी परत केला. घरच्या तांब्याच्या भांड्यांना चिंच-मीठ लावतो तसे नाण्यांना कधीही लावू नये. एकदा घासलेला पृष्ठभाग पूर्ववत होत नाही.

तपासणीला दोन साधी साधने पुरतात. शुद्ध निकेलचे असल्याने रुपया, अधेली आणि पावली लोहचुंबकाला चिकटतात. तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे तिन्ही आणे चिकटत नाहीत. छोट्या काट्यावर रुपया सुमारे ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, भरतो आणि अधेली त्याच्या निम्मी. टांकसाळही पाहावी: सालाजवळ पत्त्यांतील चौकटसारखे लहान चिन्ह असेल तर नाणे मुंबईचे, काहीच नसेल तर कोलकात्याचे. एकाच टांकसाळीची सातही नाणी असावीत असा माझा आग्रह होता आणि त्यामुळे शोध लांबला, पण तो आग्रह धरल्याचे समाधान आहे.

साठवणुकीबाबत स्पष्ट सांगावेसे वाटते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांचे स्वस्त अल्बम घेऊ नयेत. त्या प्लास्टिकमधून सुटणारी द्रव्ये नाण्यावर, विशेषतः ब्राँझवर, हिरवट चिकट थर आणतात. सुरुवातीलाच तो आढळला तर शुद्ध अ‍ॅसिटोनने, न घासता, काढता येतो. धातू खाल्ला गेला असेल तर उपाय नाही. मी मायलारची, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची, होल्डर वापरतो. ती किंचित करकरीत असतात, पण पुण्याच्या जुलै-ऑगस्टमधील दमटपणातही सातही नाणी जशीच्या तशी राहिली. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आहेत आणि त्या अधूनमधून बदलतो. नाणे कडेनेच धरावे, हे घरच्या मुलांनाही शिकवले आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना हा संच मी निःसंकोच सुचवेन: नाणी मोजकी आहेत, मध्यम दर्जात खिशाला परवडतात आणि एका सालातच तीन धातू, तीन आकार व दोन टांकसाळी अभ्यासाला मिळतात. माझा संच मुंबईचा आहे. कोलकात्याचा आता सुरू केला असून त्यातील पैसा आणि एक आणा मिळाले आहेत.