टेफलचा १२० तासांचा ऑनलाइन कोर्स: आठ महिने शिकवून झाल्यावर

टेफल म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवणं. ते कसं करायचं याचा हा कोर्स संपला त्याच दिवशी मेल आला: अनुभव लिहा, तारे द्या. तेव्हा लिहिलं असतं तर पाचच्या पाच तारे देऊन मोकळी झाले असते. हातात ताजं सर्टिफिकेट होतं आणि समोर एकही विद्यार्थी नव्हता. आता आठ महिने ऑनलाइन शिकवून झालंय. आठवड्याला दहा-बारा तास, बहुतेक नोकरदार प्रौढ, पातळी ए२ ते बी१, म्हणजे जुजबी इंग्रजी येणारे ते मध्यम. म्हणून आता लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली जे आहे ते या प्रकारच्या बऱ्याच कोर्सेसना लागू पडेल असं मला वाटतं.

आधी त्या १२० तासांबद्दल. नोकरीच्या जाहिरातींत हा आकडा सर्रास दिसतो, त्यामुळे सगळेच कोर्स तो शीर्षकात मिरवतात. केंब्रिजचा सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचाच नावाजलेला कोर्स, तोही किमान १२० तासांचाच आहे. पण सेल्टात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना, परीक्षकाच्या डोळ्यांदेखत शिकवावं लागतं, आणि आणखी ६ तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे असतात. माझ्या कोर्सात शिकवण्याचे तास शून्य. उरलेले तासही कुणी मोजत नव्हतं. व्हिडिओ, वाचन आणि चाचण्या धरून माझं सगळं साधारण ७५ तासांत आटोपलं. चाचण्या पर्यायी उत्तरांच्या, आणि पास होईपर्यंत कितीही वेळा द्या. नापास व्हायलाच मेहनत लागेल.

पानावर ‘मान्यताप्राप्त’ असे चार शिक्केही होते. टेफलला जगभर मान्यता देणारी अशी एकच संस्था नाही, त्यामुळे शिक्का कुणाचा आहे हे ज्याचं त्यानं तपासायचं. मी तपासलं नव्हतं. पैसे भरून झाल्यावर तपासलं.

इतकं असूनही कोर्स वाया गेला असं मी म्हणणार नाही, आणि याचं कारण त्यातलं एकच प्रकरण (धडा) आहे: सीसीक्यू, म्हणजे कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन्स. वाचताना मला ते पोरकट वाटलं होतं. वीस मिनिटांत उरकून पुढे गेले. मग पहिल्याच महिन्यात ‘युज्ड टू’ शिकवायची वेळ आली. स्क्रीनवर ‘ही युज्ड टू स्मोक’ लिहिलं, समजावलं, दोन-तीन उदाहरणं दिली आणि विचारलं, ‘डू यू अंडरस्टँड?’ पाचही जणांनी माना डोलावल्या. आता स्वतःबद्दल एकेक वाक्य लिहा म्हटलं. पहिलं आलं: ‘आय युज्ड टू गेट अप ॲट सिक्स.’ वा, म्हटलं, आणि हल्ली किती वाजता उठता? ‘सिक्स.’ पाचांपैकी चौघांचा हाच घोळ. सवय म्हटली की युज्ड टू, मग ती आजची असो की दहा वर्षांपूर्वीची.

त्या रात्री ते प्रकरण पुन्हा उघडलं. सांगितलं होतं ते साधंच होतं. समजलं का, असं विचारायचंच नाही, कारण मान हलवायला काही लागत नाही. अर्थाचे तुकडे करून एका शब्दात उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे, आणि जे रूप शिकवतोय ते प्रश्नात वापरायचं नाही. डझ ही स्मोक नाऊ? नो. डिड ही स्मोक बिफोर? येस. वन्स, ऑर मेनी टाइम्स? मेनी टाइम्स. अर्ध्या मिनिटाचं काम. पुढच्या तासाला हेच तीन प्रश्न विचारले, तर दुसऱ्या प्रश्नापाशीच एकीच्या चेहऱ्यावर ‘अरे, असं होय!’ उमटलं. आता तास आखताना मी आधी हे प्रश्न लिहून काढते. प्रश्न सुचत नसतील तर तो मुद्दा मलाच नीट कळलेला नसतो.

याचंच धाकटं भावंड म्हणजे आयसीक्यू, सूचना कळली का हे तपासणारे प्रश्न. तेही शिकवतात, पण मोठ्या माणसांना ‘आता लिहायचंय की बोलायचंय?’ असं दर पाच मिनिटांनी विचारलं की ती तुमच्याकडे कशी बघतात ते कोर्सात नाही.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे टीटीटी, टीचर टॉकिंग टाइम. कोर्सनं सुचवलं होतं म्हणून स्वतःचा एक तास रेकॉर्ड केला आणि घड्याळ लावून ऐकला. ४५ मिनिटांत ३१ मिनिटं मी बोलत होते. पैसे बोलण्याचा सराव करायला त्यांनी भरलेले, आणि सराव होतोय माझा! शिवाय प्रश्न विचारून दीड सेकंदात उत्तरही मीच देत होते. आता प्रश्न विचारला की मनात पाचपर्यंत मोजते. ती शांतता पहिले काही आठवडे अक्षरशः अंगावर येते.

व्याकरणाचा भाग मात्र अगदीच पातळ आहे. प्रेझेंट परफेक्टसाठी एक व्याख्या (भूतकाळातल्या क्रियेचा वर्तमानाशी संबंध), एक टाइमलाइन, आणि चला पुढे. एका जर्मन विद्यार्थ्यानं लिहिलं, ‘आय हॅव अराइव्हड येस्टरडे.’ चूक आहे हे कानाला कळत होतं, पण का चूक, ते सांगता येईना. कारण मनात मराठीत म्हणून पाहिलं तर ‘मी काल आलेय’ हे वाक्य ठणठणीत बरोबर! आपण ‘आलेय’ म्हणतो तेव्हा आल्यानंतरची स्थिती अजून चालू आहे हे सांगतो, आणि त्यात ‘काल’ आला तरी आपलं काही बिघडत नाही. इंग्रजीला मात्र संपलेला काळ नाव घेऊन सांगितला की हे रूप चालत नाही. येस्टरडे आला की अराइव्हड, नुसतं. जर्मन आणि फ्रेंच बोलणाऱ्यांचीही इथेच गाडी अडते, कारण त्यांच्याकडे अशाच घडणीचं रूप बोलताना साध्या भूतकाळाचं काम करतं. हे सगळं मी कोर्सबाहेर शोधलं. पण त्या मुलाला मराठीतलं माझं उदाहरण फोड करून सांगितलं तेव्हा त्याला भलताच आनंद झाला, की बाईंचीही भाषा आपल्यासारखीच वागते. इंग्रजी आपली मातृभाषा नाही याचा वर्गात असा उपयोग होतो, हे कोर्सनं एका ओळीनंही सांगितलं नव्हतं.

उच्चारांवर एकच व्हिडिओ आणि ४४ ध्वनींचा तक्ता. यात माझीच परीक्षा झाली. ‘कम्फर्टेबल’ मी जन्मभर अक्षर न् अक्षर म्हणत आलेय, प्रत्यक्षात ते बोलताना ‘कम्फ्टबल’च्या जवळ जातं. आघात नसलेला स्वर पुसट होऊन श्वा होतो, आणि इंग्रजीत सगळ्यात जास्त ऐकू येणारा स्वर तोच. ‘आय कॅन गो’ मधला कॅन खणखणीत म्हटला तर ऐकणाऱ्याला ‘कान्ट’ वाटू शकतं. बनियनचा वेस्ट आणि पश्चिमेचा वेस्ट हे तर मराठीत लिहूनच पाहा: दोन्ही सारखेच दिसतात, आणि माझ्या तोंडीही सारखेच होते. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. महिनाभर आरशासमोर उभी राहिले. या विभागातली एक युक्ती मात्र सोन्यासारखी निघाली: लांब वाक्य शेवटाकडून म्हणून घ्यायचं. टुमॉरो. डू टुमॉरो. गोइंग टू डू टुमॉरो. मग पूर्ण वाक्य. सुरुवातीकडून जोडत गेलं की शेवटाला दम आणि सूर दोन्ही सुटतात. असं उलट केलं की वाक्याचा सूर टिकतो.

तक्रार करायची तर ट्यूटरबद्दल. लेसन प्लॅन तपासून द्यायचं आश्वासन होतं. तीन प्लॅन पाठवले, प्रत्येक वेळी दोन आठवड्यांनी ‘वेल डन, व्हेरी क्लिअर’ एवढंच आलं. तिसऱ्यात मी मुद्दाम ६० मिनिटांच्या तासात ८० मिनिटांचे उपक्रम कोंबले होते. तरीही व्हेरी क्लिअर. लहान मुलांना शिकवण्याचा विभाग मी वापरलाच नाही, त्याबद्दल बोलत नाही.

नोकरीचं म्हणाल तर सर्टिफिकेटनं दार किलकिलं होतं, उघडत नाही. जाहिरातींत ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’ अजून दिसतं. काही ठिकाणी तर अडसर व्हिसाचाच असतो. दक्षिण कोरियाचा शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा सर्वसाधारणपणे इंग्रजीभाषक ७ देशांच्या नागरिकांनाच मिळतो. कोर्सच्या जाहिरातीतल्या ‘जगात कुठेही शिकवा’ या ओळीखाली हे बारीक अक्षरातही नव्हतं. मला काम मिळालं ते एका प्लॅटफॉर्मवर, २० मिनिटांचा नमुना तास घेऊन. सर्टिफिकेट त्यांनी अपलोड करून घेतलं, पण निर्णय त्या वीस मिनिटांवर झाला.

तर, घ्यावा का? याआधी कधीच शिकवलं नसेल आणि हे काम आपल्याला झेपेल का एवढंच चाचपायचं असेल, तर घ्या, पण सवलत लागेल तेव्हाच. ती वरचेवर लागते. पहिल्या आठवड्यापासून ओळखीतले दोघं-तिघं पकडून फुकट शिकवायला लागा, नाहीतर यातलं काही अंगी लागणार नाही. परदेशी भाषा-शाळेतच जायचं पक्कं असेल तर हे पैसे वाचवून सेल्टा किंवा त्याच तोडीच्या, ट्रिनिटीच्या सर्ट-टेसॉल कोर्सकडे वळा. दोन्हींत कुणीतरी मागे बसून तुमचं शिकवणं बघतं. मी सेल्टाचा अर्ज भरलाय. प्रवेशाआधीच्या लेखी कामात विद्यार्थ्यांच्या चुका दुरुस्त करून कारणं द्यायची आहेत, आणि त्यात एक वाक्य ‘हॅव सीन हिम लास्ट वीक’ असलंच आहे.

माझ्याकडून साडेतीन तारे. सर्टिफिकेटच्या छापील प्रतीचे पैसे वेगळे पडतात. मी मागवली नाही. आजवर ज्यांनी मागितलं, त्यांनी पीडीएफच मागितली.