आपोआप साफ होणारा लिटर बॉक्स की साधा ट्रे?

मांजराच्या शी-शूसाठी यातलं काय घ्यावं, यावर रत्नागिरीची मावसबहीण अडलीय, म्हणून लिहिते. साधा ट्रे काहीशे रुपयांत येतो, यंत्र हजारोंत. शिवाय यंत्रात भरायला बहुधा ओली झाली की गोळे होणारी बेंटोनाइट मातीच लागते. खरी गोम पावसाळ्यात. जुलैच्या दमट हवेत ती माती चिकटते, तळाला लगदा बसतो आणि शेवटी हातानेच खरवडावा लागतो. (मग 'आपोआप' कसलं?) वीज गेली की यंत्र गप्प, ट्रेला नुसता जाळीचा स्कूप पुरतो. हलकं पिल्लू सेन्सरला कळेलच असं नाही, तेव्हा ते मोठं होईपर्यंत यंत्र बंदच ठेवा.

दिवसभर घराला कुलूप, दोन-तीन मोठी मांजरं, वर इन्व्हर्टर असेल तर घ्या खुशाल. एकच मांजर, तीही अर्धा दिवस माडाच्या आळ्यात उकरणारी? ट्रेच घे गं.