गिळायचं की जाळं टाकायचं?

न्यूट्रोफिल ही रक्तातली पांढरी पेशी जंतूंशी दोन तऱ्हांनी लढते: गिळून किंवा जाळं टाकून. जुनी, ओळखीची तऱ्हा म्हणजे गिळणं. १८८२ साली रशियन जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी इटलीतल्या मेसिनात तारामाशाच्या अळीत काटा खुपसला आणि त्याभोवती पेशी जमताना पाहिल्या. इथूनच भक्षकपेशींची कल्पना रुजली. जंतूला पोटात घ्यायचं आणि आतल्या आत विरघळवायचं. मिनिटांचं काम, पसाराही कमी.

जाळ्याची गोष्ट ताजी आहे. २००४ मध्ये बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या गटाने ती मांडली. इथे पेशी स्वतःचा डीएनएच हत्यार म्हणून वापरते! घट्ट गुंडाळलेला डीएनए सैल होतो, केंद्रकाचं आवरण फाटतं, इलॅस्टेजसारखी विकरं (एन्झाइम) त्या धाग्यांना चिकटतात. मग पेशी फुटते आणि चिकट जाळं बाहेर पसरतं. याला बहुधा दोन ते चार तास लागतात, आणि पेशीचा जीव जातो (जीव न जाता टाकलेली जाळीही दिसली आहेत).

मग एवढा खटाटोप कशाला? कॅन्डिडा बुरशी पाहा. गोल यीस्टच्या रूपात ती सहज गिळता येते. लांब तंतू फुटले की घशाखाली उतरत नाही. तिथे जाळंच हवं.

माझं मत विचाराल तर रोजच्या कामाला गिळणंच बरं. जाळं महागात पडतं: त्यात रक्ताच्या गुठळ्या धरतात, ल्युपससारख्या आजारात (जिथे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच हल्ला करते) तेच अंगावर उलटतं. शिवाय स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू डीएनए कापणारं विकर सोडून त्यातून निसटतोसुद्धा.