ईपरमधलं जुन्या पुंगळ्यांचं दुकान, बूड न घासता विकणारं

पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफगोळ्यांच्या पुंगळ्या (गोळा सुटल्यावर मागे राहणाऱ्या धातूच्या रिकाम्या नळ्या) जमवत असाल आणि बेल्जियमला येणं होणार असेल तर ईपरच्या ह्या दुकानात नक्की जा. क्लॉथ हॉलच्या मागच्या गल्लीत आहे, बोर्ड इतका लहान की मी दोनदा पुढे निघून गेले. आइंडहोवनहून गाडीने अडीच तास लागले पण सार्थकी लागले.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे मालक पितळ घासत नाहीत. मागच्या वर्षी मी ऑनलाइन एक पुंगळी मागवली होती, विकणाऱ्याने मशीनवर अशी चकचकीत केलेली की बुडावरची अक्षरंच गेली, आता ती फुलं ठेवायला ठीक आहे पण कुठली, कधीची, काही कळत नाही. खूप वाईट वाटलं होतं, कारण पुंगळीचा सगळा जन्मदाखला बुडावरच असतो, प्रायमरभोवती (बुडाच्या मध्यावरची, दारू पेटवणारी टोपी) कारखान्याचं नाव, महिना, साल. मी इथून घेतली तिच्यावर पोल्टे, माग्डेबुर्ग आणि १९१६ स्पष्ट वाचता येतं. ४५ युरो पडले, मला रास्त वाटले.

इथे तिन्ही सैन्यांचा माल एकाच फळीवर असतो म्हणून नवीन लोकांसाठी सांगते, आधी टेप लावा. फ्रेंच ७५ मिलीमीटर तोफेची पुंगळी ३५ सेंटीमीटर लांब, ब्रिटिश १८ पाउंडर तोफेची साडेएकोणतीस आणि जर्मन ७.७ सेंटीमीटर तोफेची त्यांच्यापुढे बसकी, साधारण २३. मग बूड बघा, ब्रिटिशांच्या बुडावर बाणाची खूण असते, फ्रेंचांच्यावर ७५ आकडा, आणि महिना जर्मन स्पेलिंगमध्ये असेल तर प्रश्नच मिटला. मालकांनी स्वतः भिंग आणि कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) हातात दिलं, तासभर बसू दिलं, एकदाही घाई केली नाही.

दुसऱ्या महायुद्धाची फळी मात्र तेवढी भरवशाची नाही. एका उंच स्टीलच्या पुंगळीला ८.८ सेंटीमीटर फ्लॅकचं, म्हणजे जर्मन विमानविरोधी तोफेचं, लेबल होतं, ती उंच म्हणून मोठ्या तोफेची असा समज होतो, पण बुडावर ६३४० होतं म्हणजे ७.५ सेंटीमीटर पाक ४०, रणगाडाविरोधी तोफ. ८.८ फ्लॅकचा नंबर ६३४७ आणि ती ५७१ मिलीमीटरच लांब, पाक ४० ची ७१४. नंबरानंतर एस-टी असेल तर स्टील, तांब्याची टंचाई झाली म्हणून पितळ सोडून स्टील वापरायला लागले. तोंडाशी कॅलिपर लावून दाखवलं तर मालकांनी तिथल्या तिथे लेबल बदललं आणि किंमतही कमी केली, असा दुकानदार क्वचित भेटतो.

सुरक्षेचं ते फार कडक आहेत. प्रायमर फुटलेला किंवा काढलेला नसेल तर पुंगळी दुकानात घेतच नाहीत, आणि गोळे तर अजिबात नाहीत. ह्या भागात शेतकऱ्यांच्या नांगराला अजूनही जिवंत गोळे लागतात, पुलकापेले गावात बेल्जियन लष्कराचं पथक ते निकामी करतं, त्यामुळे शेताच्या बांधावर काही दिसलं तर हात लावू नका, प्लीज. आणि रिकामी पुंगळीसुद्धा युरोस्टारमध्ये नेऊ देत नाहीत, विमानाने भारतात न्यायची असेल तर एअरलाइनकडून आधी लेखी परवानगी घ्या.

गैरसोय म्हटली तर कार्ड चालत नाही आणि दुपारी दुकान बंद असतं.

मी मूळची खडकीची. २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावात घुसलेल्यांमध्ये ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी इंजिनिअरांच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या, समोर जर्मनांची नेहमीची मैदानी तोफ ७.७ चीच. म्हणून मला १९१४ चं साल असलेली एक हवी आहे. मालकांना हे सगळं सांगितलं, ते ऐकत राहिले, मग वहीत माझा नंबर लिहून घेतला आणि म्हणाले, सापडली की घासणार नाही, तशीच ठेवतो, तुम्ही या.

पाचपैकी साडेचार. ऑक्टोबरमध्ये परत जाणार आहे.