जुनी स्कूलबस की टेम्पो ट्रॅव्हलर?

पहिल्यांदाच गाडीचं घर करायला निघालेल्या माणसासमोर पुण्यात सहसा दोनच पर्याय उरतात. एक, शाळेच्या फेऱ्या संपलेली, टाटा 407 ट्रकच्या चासीवर बॉडी बांधलेली बस. दुसरा, वापरलेली टेम्पो ट्रॅव्हलर. मी ट्रॅव्हलर घेतली. त्याआधी एका मित्राच्या बसचं काम बरोबरीने केलं होतं, तिच्यात मुक्कामही केले होते. तुमची गरज वेगळी असू शकते, हे धरूनच पुढचं वाचा.

जागेच्या बाबतीत बस उघडच पुढे आहे. भिंती जवळपास सरळ असल्यामुळे कपाटं छपरापर्यंत नेता येतात आणि सुताराला गोलाई काढत बसावं लागत नाही. खरा फायदा पलंगाचा. बसमध्ये तो आडवा बसतो. ट्रॅव्हलरमध्ये भिंतींना आतून फोम आणि प्लाय चढवल्यावर साडेपाच फुटांपेक्षा उंच माणसाचे पाय समोरच्या भिंतीला टेकतात. मग पलंग लांबीत घ्यावा लागतो आणि तो निम्मी गाडी खातो. आमच्याकडे त्यामुळे दिवसा बाक आणि रात्री पलंग अशी मांडणी आहे. रोज गाद्या हलवायचा कंटाळा येतो, हे खरं. दोन मुलं घेऊन फिरणार असाल तर बसचा विचार जरूर करा.

कागदपत्रांचा त्रास दोन्हीकडे सारखाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, म्हणून करवत हातात घेण्याआधी आरटीओत बोलून घ्या. लायसनचं मात्र बघा. हलक्या वाहनाचं लायसन 7,500 किलो एकूण वजनापर्यंत चालतं. ट्रॅव्हलर त्याच्या बरीच आत राहते. बस घेताना आरसी बुकातला आकडा आधी वाचा.

आता ज्या एका गोष्टीवरून माझं ठरलं, ती म्हणजे पाऊस.

स्कूलबसच्या दोन्ही बाजूंना सरकत्या काचांची रांग असते. प्रत्येक काचेखाली ॲल्युमिनियमचं चॅनेल आणि त्यातलं पाणी बाहेर जायला बारीक भोकं. ती भोकं धुळीने बुजतात. गाडी धावत असते तेव्हा काही कळत नाही. पण ताम्हिणीत रस्त्याकडेला, एका अंगाला किंचित झुकून गाडी रात्रभर उभी राहिली की चॅनेल भरतं आणि पाणी आतल्या बाजूने उतरतं. शाळेच्या बसमध्ये याचं काही वाटत नव्हतं, फडक्याने पुसलं की संपलं. घरात तेच पाणी प्लायच्या मागे जातं. मित्राच्या बसमध्ये खिडकीखाली आधी एक करडी रेघ दिसली, बोटभर रुंद. पुढे कुबट वास यायला लागला. शेवटी स्क्रू काढून फळी उतरवली तर मागचा फोम ओला गच्च, आणि पत्र्यावर गंजाचे पापुद्रे. प्लाय चांगला, आयएस 710 मार्काचा मरीन होता, त्यामुळे तो टिकला. पण त्याच्यामागे काय चाललंय ते त्याच्यामुळेच इतके दिवस दिसलं नाही.

काचा सिलिकॉनने बंद करता येतात, आम्ही केल्याही. मग छपराच्या जोडांतून पाणी आलं. अशी बॉडी चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर पत्रे रिव्हेट करून बांधलेली असते. घाटातल्या खड्ड्यांत चासी पिळते, तिच्याबरोबर बॉडी पिळते आणि गेल्या वर्षी भरलेली फट यंदा परत उघडते. दर मे महिन्यात छपरावर चढून सिलिकॉन भरत बसायची माझी तयारी नव्हती.

ट्रॅव्हलरचा पत्रा कारखान्यातच घडवून जोडलेला येतो, जोड कमी. उघडणाऱ्या खिडक्या आम्ही दोनच ठेवल्या. छपराला पंख्यासाठी पाडलेलं भोक सोडलं, तर पावसाळ्यात लक्ष ठेवावी अशी जागा उरली नाही. मी ओल मोजायचं यंत्र लावलेलं नाही, पण गाद्यांना वास येत नाही, एवढं सांगतो.

बाकीचे मुद्देही मला त्याच बाजूला झुकलेले दिसतात. ट्रॅव्हलर बनवणारी फोर्स मोटर्स ही आपल्या आकुर्डीची कंपनी, त्यामुळे स्पेअर पार्टसाठी नाना पेठेत चक्कर मारली की काम होतं. अर्थात 407 चेही पार्ट मिळतात, तिथे फारसा फरक नाही. फरक पार्किंगचा आहे. कोथरूडच्या गल्लीत दोन्हीकडे दुचाक्या लागलेल्या असताना बस वळवणं म्हणजे कोणीतरी खाली उतरून मागे उभं राहणं आलंच. सोसायटीचे लोकही ट्रॅव्हलर बघून जेवढं बोलतात, त्यापेक्षा बस बघून जास्त बोलतात.

एवढं वाचूनही बसच हवी असेल, तर ती जूनच्या आधी घ्या आणि लगेच सुताराला बोलावू नका. सीटा काढून, पत्रे उघडे ठेवून तो पावसाळा जाऊ द्या. जोराचा पाऊस असेल तेव्हा बॅटरी घेऊन आत बसा आणि पाणी जिथून येईल तिथे खडूने खूण करा. गाडी दोन्ही अंगांना झुकवून उभी करून बघा. फोम आणि प्लाय दिवाळीनंतर.