एमजीबीच्या ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन ऑइल: सात महिन्यांनंतर

माझ्या १९७२ च्या एमजीबीच्या (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) गिअरबॉक्समध्ये गेले सात महिने साधं २०डब्ल्यू-५० मिनरल इंजिन ऑइल आहे. या काळात गाडी ४,२०० किलोमीटर चालली, त्यातली निम्म्याहून जास्त ओव्हरड्राइव्ह लावून. (ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे जोडलेलं युनिट, ते लावलं की त्याच वेगाला इंजिन कमी आरपीएमवर फिरतं.) तुमच्या जुन्या गाडीला लेकॉक डी नॉर्मनव्हिल या ब्रिटिश बनावटीचा ओव्हरड्राइव्ह असेल आणि तुम्ही गिअर ऑइलचा डबा आणून ठेवला असेल, तर झाकण उघडण्याआधी हे वाचा.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा आत ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक गिअर ऑइल होतं, जीएल-५ दर्जाचं (‘जीएल’पुढचा आकडा मोठा, तशी दातांची झीज रोखणारी रसायनं जास्त). आधी ज्या गॅरेजने ते घातलं त्यांनी महागातलं, नव्यातलं नवं निवडलं होतं. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना गिअर दर वेळी खर्रकन आवाज करायचा. ओव्हरड्राइव्ह थंड असताना ठीक लागायचा. पण तासभर चालवल्यावर बटण दाबलं की तीन-चार सेकंद काहीच होत नसे. चढावर तर लागल्यावरही घसरायचा, इंजिनचे आरपीएम एकदम वर जाऊन मग खाली बसायचे.

आधी वायरिंग पाहिलं. सोलेनॉइड (ओव्हरड्राइव्ह लावणारा विजेवरचा चुंबक) टक् करून उचलत होता, तिसऱ्या-चौथ्या गिअरशिवाय करंट जाऊ न देणारा स्विचही नीट होता. (हा स्विच चाचणीपुरताही बायपास करू नका. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी रिव्हर्स घेतली तर आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच तुटतो.) वायरिंगमध्ये दोष नाही म्हटल्यावर तेलाकडे वळलो.

या ओव्हरड्राइव्हला स्वतःचं वेगळं तेल नसतं, गिअरबॉक्सचंच तेल मागे त्याच्यात जातं. मेनशाफ्टवरच्या कॅमने एक छोटा पंप चालतो आणि त्याच तेलाचा शेकडो पीएसआय दाब तयार करतो. बटण दाबलं की सोलेनॉइड तो दाब पिस्टनकडे वळवतो. पिस्टन शंकूच्या आकाराचा क्लच पुढे ढकलून ब्रेक रिंगवर दाबतात, मधला सन गिअर (ज्याभोवती बाकीचे छोटे गिअर फिरतात तो) अडकतो आणि मागचा शाफ्ट पुढच्यापेक्षा जास्त वेगाने फिरू लागतो. माझ्या एलएच टाइप युनिटचं गुणोत्तर ०.८२ आहे, म्हणजे ३,६०० आरपीएमचे साधारण २,९५० होतात. कानाला हा फरक लगेच कळतो आणि लांबच्या प्रवासात तोच हवा असतो.

म्हणजे एकच तेल दात आणि बेअरिंग भिजवतं, पिस्टन ढकलतं आणि वर घर्षणाच्या दोन जागाही त्याच्यातच बुडलेल्या असतात: पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना दोन्ही भागांचा वेग जुळवणारी) आणि तो शंकूचा क्लच. या दोघांना पकड लागते. तेल फार निसरडं झालं की रिंग गिअरचा वेग जुळवून घ्यायला उशीर करते आणि क्लच घसरतो. घर्षण कमी करणारी कुठलीही ॲडिटिव्ह गिअरबॉक्समध्ये घालू नका, असं हँडबुक बजावतं ते याचसाठी.

जीएल-५ मुळात मागच्या ॲक्सलमधल्या हायपॉइड (तिरकस वळणाच्या) दातांसाठी आहे. तिथे दात एकमेकांवर जोराने घासत सरकतात, म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतात. गरम झाल्यावर सक्रिय गंधक पितळ आणि तांब्याला खातं. आजची बरीच जीएल-५ तेलं या बाबतीत सुधारलेली आहेत, तांब्याच्या पट्टीची चाचणी पास होतात. पण पितळ वाचलं तरी निसरडेपणाचा प्रश्न उरतोच. गिअरबॉक्सच्या दातांना इतक्या रसायनांची गरजही नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज आकड्यांचा. ९० हा ५० पेक्षा मोठा, म्हणून गिअर ऑइल दाट आणि इंजिन ऑइल पातळ, असं मलाही वाटायचं. या दोन मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला ९० चं गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक (दाटपणाचं एकक) भरतं आणि ५० चं इंजिन ऑइल १६.३ ते २१.९. गरम झाल्यावर २०डब्ल्यू-५० पातळ पडत नाही, उलट बरोबरीचं किंवा थोडं दाटच असतं. त्यामुळे ‘इंजिन ऑइलने गिअर झिजतील’ ही भीती सोडून द्या. या गाडीच्या कंपनीनेच तेच सांगितलं आहे.

तेल गरम असताना काढलं. गंधकाचा उग्र वास आणि उजेडात धरल्यावर सोनेरी चमक. ते पितळ होतं. ओव्हरड्राइव्हच्या तळाची जाळी करड्या चिखलाने अर्धी बुजलेली होती. जाळी धुऊन, गॅस्केट नवं टाकून, ३.४ लिटर भरायला घेतलं तर तेवढं मावलंच नाही, कारण जुनं तेल कोपऱ्यांत राहतंच. म्हणून ६०० किलोमीटरवर पुन्हा सगळं काढून नवं घातलं. हा दुसरा बदल टाळू नका. खरा फरक मला त्यानंतरच जाणवला.

दुसऱ्या गिअरची खरखर गरम गाडीत पूर्ण थांबली. थंड असताना पहिले दोन किलोमीटर अजूनही हात सावकाश चालवावा लागतो. रिंगची झालेली झीज तेलाने भरून येणार नाही, हे मी स्वीकारलंय. ओव्हरड्राइव्ह आता थंड असो वा तापलेला, सेकंदाभरात लागतो आणि चढावर धरून ठेवतो. याचं श्रेय एकट्या तेलाला देणार नाही, जाळी साफ झाली हेही तितकंच महत्त्वाचं.

पाचव्या महिन्यात एकदा पुन्हा उशीर व्हायला लागला आणि काळजाचा ठोका चुकला. डिपस्टिक पाहिली तर तेल खाली गेलेलं. मागचं सील पाझरतंय, त्यामुळे पंप हवा ओढत होता. ३०० मिलीलिटर घातल्यावर लगेच पूर्ववत. तेव्हापासून दर महिन्याला सपाट जागी उभी करून पातळी बघतो.

माझं तेल डोळे मिटून तुमच्या गाडीत घालू नका. लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह असलेल्या ट्रायम्फ गाड्यांना ९० चं गिअर ऑइल सांगितलंय, तिथे जीएल-४ घ्या. जुन्या व्होल्वोत ओव्हरड्राइव्ह नसलेल्या एम४० गिअरबॉक्सला ८० चं गिअर ऑइल आणि ओव्हरड्राइव्हवाल्या एम४१ ला ३० चं इंजिन ऑइल. एकाच घराण्यातले गिअरबॉक्स असूनही! अमेरिकन गाड्यांमधला बोर्ग-वॉर्नर ओव्हरड्राइव्ह तर वेगळाच प्रकार आहे. त्यात दाबाचा पंप नसतो, खिट्टी आणि फ्रीव्हीलचे (एकाच दिशेने पकडणाऱ्या चाकाचे) रोलर असतात. त्याच्या आर१० मॉडेलमध्ये गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह दोन्हीकडची पातळी वेगवेगळी बघावी लागते.

गेल्या आठवड्यात जाळी पुन्हा उघडली. तिथल्या चुंबकावर पातळ करडा थर होता, सोनेरी कण शोधावे लागले. आता पुढचं काम मागच्या सीलचं. ते आलंय, प्रॉपेलर शाफ्ट उतरवायला एक सुट्टीचा दिवस हवा.